पोटरीचं माप

मास्तरणीच्या हातचं माप चुकत नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे आणि बाकीचे मान डोलवत, कारण ते खरंच होतं. त्यामुळे धाकटीने जेव्हा "मावशी, ही पँट डाव्या पायाला घट्ट होतेय," असं म्हटलं, तेव्हा मास्तरणीने चष्म्यावरून त्या पँटकडे असं रोखून पाहिलं की पँटनेच ओशाळून सैल व्हावं.

"मी शिवलेली पँट एकाच पायाला घट्ट होत नाही. धुतलीस कशी?"

"नेहमीसारखीच."

"काढून दे इकडे."

शिवणीच्या आत इंचभर कापड राखून ठेवायची तिची सवय होती. कटकट करत तिने डाव्या पायाची शिवण उसवली, अर्धा इंच सोडला, पुन्हा टीप मारली. दहा मिनिटांचं काम. धाकटीने पँट घातली, "आता बरोबर," म्हणाली आणि काज करायला बसली. विषय मिटला. निदान मास्तरणीच्या डोक्यातून तरी मिटला.

त्यांना वेळच कुठे होता? हॉस्पिटलची नव्वद पांढऱ्या कोटांची ऑर्डर अंगावर होती. रस्त्याकडे काचेचं दार, आत तीन मशीन, मागे राहायची एक खोली, एवढंच ते दुकान. पण त्या हॉस्पिटलातला एकही डॉक्टर असा नव्हता की ज्याच्या अंगावर या दुकानाची शिलाई नाही. दुकान मूळचं थोरलीचं. थोरलीने मास्तरणीला हाताशी धरून शिकवलं, आणि मास्तरणीने धाकटीला. तिघींचं रक्ताचं नातं काहीच नव्हतं. तिघींनाही जन्मल्यावर मुलगा म्हणून वाढवलं गेलं होतं आणि तिघींनीही आपापल्या वेळी घरच्यांना सांगितलं होतं की हे माप आपल्याला बसत नाही. त्यानंतर प्रत्येकीच्या घरात जे व्हायचं ते झालं. धाकटी सात वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसली होती, एकोणीस वर्षांची. मास्तरीण तिला म्हणाली होती, "रडायचंय तर आत येऊन रड, पायरीवर गिऱ्हाईक अडखळतं."

शिंप्याला मास्तर म्हणतात. हा मास्तर साडी नेसून दुकानात बसू लागला तेव्हा गिऱ्हाइकांची पंचाईत झाली. कुणीतरी थट्टेने "मास्तरीण" म्हणालं. थट्टा करणारा केव्हाच गाव सोडून गेला, नाव मात्र टिकलं.

चौथ्या दिवशी धाकटी म्हणाली, "मावशी, परत घट्ट होतेय."

या वेळी मास्तरणीने पँट मागितली नाही. "पाय दाखव," म्हणाली.

गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं सोडून तिने टेप गुंडाळली. उजवी पोटरी पावणेचौदा. डावी सव्वापंधरा. तिने पुन्हा मोजलं, कारण असा आकडा तिने कधी पाहिला नव्हता, निदान तिला तसं वाटलं. पुन्हा सव्वापंधराच आले. दोन पायांत पाव इंचाचा फरक सगळ्यांनाच असतो. दीड इंचाचा नसतो. कातडी ताणलेली होती, चकचकीत, आणि हाताला गरम लागत होती.

"दुखतंय?"

"आठ दिवस झाले. वाटलं बसून बसून दुखत असेल."

"आणि मला आज सांगतेस?"

"पँट घट्ट होतेय हे सांगितलं होतं की," धाकटी म्हणाली. मास्तरणीने मशीनवर कापड टाकलं आणि दुकानाला कुलूप लावलं.

हॉस्पिटलात जाताना तिने धाकटीला नियमाची आठवण करून दिली. नियम जुना होता: डॉक्टरांना गोळ्यांचं सांगायचं नाही.

तो नियम उगीच झालेला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी मास्तरीण जिन्यावरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. याच हॉस्पिटलात आली. काही औषधं चालू आहेत का, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं आणि हिने भाबडेपणाने खरं सांगितलं. झालं! मनगट राहिलं बाजूला. डॉक्टरांनी सात विद्यार्थी बोलावले, पडदा ओढला आणि कपडे उतरवायला सांगितले. खालचे. मनगटाचा आणि खालच्या कपड्यांचा संबंध काय, असं हिने विचारलं. "मुलांना शिकायला मिळतं," असं उत्तर आलं. एकेकाने वाकून पाहिलं. एकाने हातमोजा चढवला. तिला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना, म्हणून ती कोटांकडे पाहत राहिली. सातही कोट भिकार शिवलेले होते. प्लास्टर दोन तासांनी चढलं, तेही घाईघाईत, आणि हाड तिरकं जुळलं ते कायमचं. आजही जाड कापड कापताना तिला कातरीला डाव्या हाताचा आधार द्यावा लागे, आणि दर वेळी ते सात जण तिला आठवत. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला होता.

आणि गोळ्या तरी डॉक्टरांना न विचारता का घेतल्या? विचारलं होतं की! थोरलीने विचारलं होतं, तीन डॉक्टरांना. एक म्हणाला, हा मनाचा खेळ आहे, लग्न करून टाका. दुसरा म्हणाला, आम्हाला हे शिकवलेलंच नाही. तो बिचारा निदान खरं बोलला. तिसऱ्याने कंपाउंडरला आत बोलावलं, दोघांनी मिळून हसायला. मग थोरलीने औषधाच्या दुकानातून मूल न होण्याच्या गोळ्या आणल्या, बायका घेतात त्याच. बायका एक घेतात, हिने चार घेतल्या, आणि सहा महिन्यांनी तिला आरशात पहिल्यांदा ओळखीचं कुणीतरी दिसलं. तोच डोस पुढे मास्तरणीला मिळाला, मग आणखी जणींना. मापांच्या वहीची मागची पानं मास्तरणीने त्यासाठी राखून ठेवली होती. कुणाला कोणती गोळी, किती, छाती कधी भरली, मांडीचा घेर किती वाढला, कुणाला उलट्या झाल्या, कुणाचं डोकं दुखलं. अकरा जणी, चोवीस वर्षं. शिंपीच ती, जे दिसलं ते मोजलं आणि जे मोजलं ते लिहिलं.

बाह्यरुग्ण विभागात मोठे डॉक्टर बसले होते. त्यांच्या अंगावरचा कोट मास्तरणीचाच. छाती बेचाळीस, बाही पावणेपंचवीस. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता, म्हणून ती डाव्या बाजूला आतून पॅडचा एक थर जास्त घालायची. बारा वर्षं घालत होती. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. आपले दोन्ही खांदे सारखे आहेत, असा त्यांचा समज होता.

डॉक्टरांनी केसपेपर वाचला, धाकटीकडे पाहिलं, परत केसपेपर वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"काय होतंय याला?"

"हिला," मास्तरीण म्हणाली. "डावी पोटरी सुजलीय."

"ऑपरेशन झालंय?"

"पायाचं?" धाकटीने विचारलं.

"पायाचं नाही."

खोलीत एक सिस्टर होती, कपाटात फायली लावत होती. तिचा हात थांबला. धाकटीचे कान लाल झाले.

"नाही झालं," ती म्हणाली.

"करायचा विचार आहे?"

"डॉक्टर, पाय," मास्तरीण म्हणाली.

"मी विचारतोय त्याची उत्तरं येऊ द्या. गोळ्या वगैरे काही चालू?"

धाकटीने मावशीकडे पाहिलं. मास्तरणीच्या मनगटात कळ आली, किंवा आल्यासारखी वाटली.

"नाही," मास्तरीण म्हणाली. "काही नाही."

"काम काय करतो? करते?"

"काज करते. बसून."

डॉक्टरांनी पेन उचललं. बसून स्नायूंवर ताण आला आहे, हे मलम लावा, रोज चोळा. एक चिठ्ठी ही, आणि दुसरी मानसोपचार विभागाची. दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी एकाच सुरात पुढे सरकवल्या.

"पाय बघितला नाहीत तुम्ही," मास्तरीण म्हणाली.

"सूज आहे म्हणालात ना?"

"दीड इंचाचा फरक आहे. मी मोजलाय."

डॉक्टर हसले. हसणं वाईट नव्हतं, हीच पंचाईत होती. घरातल्या लहान पोराने काहीतरी मोठ्यांसारखं बोलावं आणि आपण हसावं, तसं ते हसले. "मास्तरीणबाई, शिलाई तुमची, डॉक्टरी आमची. कोट कधी पाठवताय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी मास्तरणीने त्यांना असं काही सुनावलं असतं की बाहेरच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्या खोलीत तिची स्वतःची एक थाप पडलेली होती, आणि थाप मारून बसलेल्या माणसाला धड भांडता येत नाही. "सोमवारी," एवढंच म्हणून ती उठली.

घरी आल्यावर धाकटीने दोन दिवस इमानेइतबारे मलम चोळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती इस्त्री केलेले कोट घेऊन मागच्या खोलीतून पुढे आली. बारा पावलांचं अंतर असेल. मध्येच ती भिंतीला टेकली.

"काय गं?"

"काही नाही. दम लागला." तिने छातीच्या उजव्या बाजूला बोट लावलं. "श्वास घेतला की इथे टोचतंय."

"खाली बस. पाय दे."

पावणेसोळा. दोन दिवसांत अर्धा इंच. मास्तरणीने मापांची वही ओढली आणि धाकटीचं पान शोधायला मागून पानं उलटू लागली. घाईत दोन पानं जास्त उलटली गेली आणि समोर आलं ते धाकटीचं पान नव्हतं. ते थोरलीचं होतं. शेवटचं.

अक्षर मास्तरणीचंच होतं. *पोटरी डावी १६, उजवी १४. बुटाची चेन लागत नाही. चेन काढून नाडी लावून दिली.* त्याखाली दोन दिवसांनंतरची तारीख आणि एकच ओळ: *दम लागतो म्हणते.* त्याखाली पान कोरं.

मास्तरीण त्या पानाकडे पाहत राहिली. नऊ वर्षांपूर्वी तिने थोरलीची पोटरी मोजली होती. आकडा लिहिला होता. आणि शिंपी जे करतो तेच केलं होतं: पाय सुजला, तर बूट सैल करून दिला. थोरली खूश झाली होती. "तुझ्या हातात जादू आहे," म्हणाली होती. त्यानंतर अकराव्या दिवशी ती भाजी आणायला गेली आणि फुटपाथवर बसली ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं, असं हॉस्पिटलातून सांगितलं. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, पुरुष, वय एकसष्ट. मास्तरीण त्या 'पुरुष' शब्दावर महिनाभर जळत राहिली होती, दाखले देणाऱ्या खिडकीवर जाऊन भांडली होती, आणि त्या रागात दुसरं काही विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

आणि गेल्याच आठवड्यात तिने धाकटीचीही शिवण सोडून दिली होती. अर्धा इंच.

तिच्या तोंडून एक शिवी निघाली. ती कुणाला होती ते तिचं तिलाही ठरवता आलं नसतं. तिने वही काखेत मारली, गोळ्यांचं पाकीट घेतलं, धाकटीला धरून दारापर्यंत आणलं आणि समोरून येणारी पहिली गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहून अडवली.

हॉस्पिटलच्या दारात तीच सिस्टर होती. "नंबर काढलाय का?" असं तिने विचारलं खरं, पण वाक्य संपायच्या आत तिची नजर धाकटीच्या ओठांकडे गेली. ओठ निळसर पडले होते. सिस्टरने चाकाची खुर्ची अशी खेचली की त्यावर ठेवलेल्या फायली खाली पडल्या. "आत जा तुम्ही," ती मास्तरणीला म्हणाली. "मी आणते हिला."

आत डॉक्टरांसमोर एक म्हातारेबुवा जीभ बाहेर काढून बसले होते. मास्तरणीने टेबलावर आधी गोळ्यांचं पाकीट आपटलं, त्यावर वही.

"अहो, बाहेर थांबा!"

"परवा मी खोटं बोलले," मास्तरीण म्हणाली. दार उघडं होतं आणि बाहेरची सगळी रांग ऐकत होती, ऐकू दे. "ती या गोळ्या घेते. रोज चार, सात वर्षं. पोटरी पावणेसोळा, दुसरी पावणेचौदा. दोन इंच फरक. सकाळपासून दम लागतोय, छातीत टोचतंय. आमच्यात एक बाई अशीच गेली, तिचंही माप यात आहे. आता उठा आणि तो पाय बघा, नाहीतर अंगावरचा हा कोट मी इथे सगळ्यांसमोर उसवीन. शिवण कुठे आहे ते मला माहीत आहे."

म्हातारेबुवांनी जीभ आत घेतली.

डॉक्टरांचं एक मानावं लागेल. पाकिटावरचं नाव वाचताच त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं आणि तिथे नुसता डॉक्टर उरला. ते उठले, खुर्चीतल्या धाकटीपाशी गुडघ्यावर बसले, पोटरी दोन्ही हातांनी धरली. मग छाती तपासली. मग ते इतकं भराभर बोलू लागले की मास्तरणीला निम्मं कळलं नाही. ऑक्सिजन, सोनोग्राफी, कुणाला तरी फोन. धाकटीला घेऊन सिस्टर धावतच निघाली. वळणावर धाकटीने मागे वळून "मावशी!" अशी हाक मारली, आणि मग नुसता चाकांचा आवाज राहिला.

डॉक्टर निघताना दारात थांबले. "परवा का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं."

मास्तरणीने उजवा हात त्यांच्यासमोर धरला. मनगटाचं वर आलेलं हाड शेंबड्या पोरालाही दिसलं असतं.

"हे मोडलं होतं. याच इमारतीत आले होते. गोळ्यांचं खरं सांगितलं, तर मनगट सोडून सात जणांनी मला खालून बघितलं. शिकायला. म्हणून नाही सांगितलं."

डॉक्टरांनी मनगटाकडे पाहिलं. "तरीही सांगायला हवं होतं," ते म्हणाले आणि गेले.

ते खरं होतं. त्यामुळे मास्तरणीचा राग कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. समोरचा चुकला असेल तर माणूस भांडून मोकळा होतो. तो बरोबर निघाला आणि तरीही आपला राग खोटा नसला, तर तो राग घेऊन जायचं कुठे? बाकावर बसून ती टेप बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. बाजूला बसलेल्या बाईने थोडं सरकून घेतलं.

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. मलम चोळायला नकोच होतं, असं सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीण बाई सहज बोलून गेल्या. मलम कुणी दिलं ते त्यांना माहीत नव्हतं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. पहिला दिवस कुणीच धड बोलेना. दुसऱ्या दिवशी धाकटीने पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "कोट सोमवारी दिले का?" तेव्हा कुठे मास्तरणीचा जीव भांड्यात पडला, आणि तिने "तुला काय करायचंय गं कोटांचं?" असं इतक्या जोरात विचारलं की शेजारच्या खाटेवरची बाई दचकून जागी झाली.

चौथ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले. एकटेच आले, मागे विद्यार्थी नव्हते. त्यांनी पाय पाहिला, कागद पाहिले, आणि खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "धोका टळलाय. आता त्या गोळ्या बंद. पुन्हा कधीच नाहीत."

धाकटीने चेहरा भिंतीकडे वळवला. गोळ्या बंद म्हणजे काय, ते या तिघांपैकी दोघींना माहीत होतं. हळूहळू दाढी परत येणार, सात वर्षांपूर्वी पायरीवर सोडून आलेला तो पोरगा परत येणार.

"मग मेलेच असते तर काय वाईट होतं?" ती भिंतीला म्हणाली.

"अहो, तसं नाही," डॉक्टर घाईने म्हणाले. मग बहुधा पहिल्यांदाच त्यांनी तिच्याशी बोलताना तिच्याकडे पाहिलं. "तसं नाही, बाई. गोळ्याच घ्यायला हव्यात असं कुठे आहे? कातडीवर चिकटवायची पट्टी असते. औषध तेच काम करतं, पण त्यात गुठळीचा धोका खूप कमी. रक्ताची तपासणी करत करत देता येईल. काही महिन्यांनी ती सुरू करता येते का ते बघू आपण."

धाकटी वळली. "पट्टी?"

"पट्टी. इथेच मिळते, खालच्या औषधाच्या दुकानात. पाळी गेलेल्या बायकांना देतो की आम्ही."

मास्तरीण खुर्चीत बसली होती. तिने विचारलं, "कधीपासून मिळते?"

"कायम मिळते."

"कधीपासून, डॉक्टर?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. "मी इथे लागलो तेव्हाही होती. पंधरा वर्षं तर नक्कीच."

ते दुकान मास्तरणीला चांगलं माहीत होतं. दर वर्षी कोटांचे गठ्ठे घेऊन ती त्याच्याच समोरून जायची. मागे एकदा थोरलीही बरोबर होती, तिने तिथून खोकल्याचं औषध घेतलं होतं.

तिने वही उघडली, ते पान काढलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. "तारीख वाचा," म्हणाली.

डॉक्टरांनी वाचलं. आकडे वाचले, बुटाची चेन वाचली, शेवटची ओळ वाचली. तारखेवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी शेजारचं स्टूल ओढलं आणि बसले.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"मलाही नव्हतं," मास्तरीण म्हणाली. "पण मी सातवी शिकलेय."

वॉर्डात कुणाच्या तरी हातातून स्टीलचं भांडं पडलं, कुणी तरी उचललं. डॉक्टर पानं उलटत होते. आधी सावकाश, मग भराभर, मग पुन्हा सावकाश. अकरा जणी, चोवीस वर्षं, पाव पाव इंचाने.

"असं कुठेच लिहिलेलं नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "इतक्या वर्षांचं... मास्तरीणबाई, याचे फोटो काढून घेऊ का? यावर काम करता येईल. परिषदेत मांडता येईल."

मास्तरणीने त्यांच्या हातातून वही काढून घेतली. हिसकावली नाही, काढून घेतली.

"आठ जणी अजून त्याच गोळ्या घेतायत. मला धरून. एकेकीला घेऊन येते, तपासा, पट्टी द्या. पडद्याआड तुम्ही आणि सिस्टर, तिसरं माणूस दिसलं तर मी आहे आणि माझी कातरी आहे. ते झालं की वहीचं बोलू."

"बरं."

"आणि फोटो नाही. हाताने उतरवायचं. मी वाचीन, तुम्ही लिहायचं. एकेकीचं."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर त्यांची रांग लागलेली असणार. आपण आज कुठेही जाणार नाही, हे मास्तरणीच्या बसण्यावरूनच कळत होतं. डॉक्टरांनी केसपेपरचा एक कोरा कागद घेतला आणि छातीवरच्या खिशातून पेन काढलं. त्या खिशात पेनासाठी वेगळी पट्टी शिवलेली होती, तीही तिनेच.

तिने चष्मा चढवला.

"लिहा. थोरली. वय एकसष्ट." ती थांबली, आणि त्यांचं पेन कुठल्या रकान्याकडे जातंय ते पाहत राहिली. "स्त्री. स्त्री लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं.

"पोटरी डावी सोळा," मास्तरणीने पुढे वाचलं.